विष्णुभटजींची कावड आणि वैद्यांचे बाड

गोडसे भटजींचे ‘माझा प्रवास’ आम्ही आजवर तीन वेळा वाचले. पहिल्या वेळी शाळकरी वयात, झाशीच्या राणीसाठी. दुसऱ्या वेळी नोकरीत असताना, आमच्या ग्वाल्हेरचा उल्लेख कोठे कोठे येतो हे पाहण्यासाठी. तिसरे वाचन सेवानिवृत्तीनंतरचे. त्या वाचनात राणी आणि बंड दोन्ही थोडी मागे सरली आणि एक निराळीच गोष्ट डोळ्यांत भरली. माणूस कोणती वस्तू कशी जपतो, याचे हे पुस्तक म्हणजे एक विलक्षण दप्तर आहे.

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट घरच्या कर्जापायी बाहेर पडले. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, अशी वार्ता होती. बरोबर काका होते. साल १८५७. महूच्या आसपास पोहोचतात तोच बंडाची आग पेटलेली! पुढे ते झाशीत राहिले, १८५८ च्या एप्रिलमध्ये शहर पडले तेव्हा तेथेच होते, आणि जीव वाचवून कसेबसे निघाले.

हे सारे त्यांनी लिहिले ते सुमारे पाव शतकानंतर, आठवणीतून. म्हणून तिथी-तारखांत आणि लष्करी तपशिलांत चुका आहेत आणि इतिहासकारांनी त्या दाखविल्या आहेत. परंतु चुका कोठे आहेत आणि कोठे नाहीत, हे पाहिले तर गंमत वाटते. कोणत्या घरी दक्षिणा किती मिळाली, भोजनास काय होते, अनुष्ठान कसे झाले, बाईसाहेबांचा दिनक्रम कसा असे, येथे भटजींची लेखणी अडखळत नाही. आम्हास असे वाटते की, स्मरणशक्तीचा कमीअधिकपणा हे याचे कारण नव्हे. ज्याचे मोल त्यांना होते ते त्यांनी पाहतानाच नीट पाहिले होते. तोफेच्या तोंडाचे माप त्यांच्या काही कामाचे नव्हते. या पुस्तकास ‘भाबडे’ म्हणणारे समीक्षक आम्हास म्हणूनच पटत नाहीत. भटजी भाबडे मुळीच नव्हते. त्यांच्या हिशेबाचे खाते निराळे होते, इतकेच.

झाशीच्या लुटीचे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचावे. लूट क्रमाने झाली. आधी सोने, रुपे, नाणे. मग तांब्यापितळेची भांडी. मग कपडालत्ता. अखेर धान्य. लुटारूंनी जणू वस्तूंचे दरपत्रकच तयार केले होते, आणि त्या पत्रकात जे बसले ते निदान शाबूत राहून दुसऱ्याच्या घरी गेले. झाशीच्या ग्रंथसंग्रहाचे मात्र तसे झाले नाही. पोथ्यांना त्या पत्रकात भावच नव्हता, म्हणून त्यांची धूळधाण झाली. भटजींना त्याचा शोक झाला, कारण पोथी म्हणजे काय हे जाणणारा त्या गर्दीत तोच एक होता. चोरास ज्याची किंमत कळते ती वस्तू एखादे वेळी परत मिळू शकते. ज्याची किंमत कोणासच कळत नाही तिचा शोध कोण घेणार?

भटजी स्वतःही एकाहून अधिक वेळा लुटले गेले. द्रव्य त्यांनी अंगाशी बांधले, लपविले, रात्ररात्र जागून राखले, तरी ते गेले. घरी परतताना हाती फारसे काही उरले नव्हते. परंतु खांद्यावर गंगेच्या पाण्याची कावड होती. ती त्यांनी वरसईपर्यंत आणली आणि आईवडिलांना गंगास्नान घातले. पैसा जपताना या गृहस्थाच्या मनात भीती असते. कावड जपताना ती दिसत नाही, तेथे नेम आहे. पैशाची काळजी त्यांना वाटसरूंपासून लपावयास लावते, तर कावडीची काळजी त्यांना वाटसरूंमध्ये चालावयास लावते. त्या पाण्यास बाजारात कोण विचारणार होता, म्हणून ते वाचले, असेही कोणी म्हणेल. ते अर्धेच खरे आहे. पोथ्यांनाही कोणी विचारत नव्हते. पण पोथ्यांपाशी त्या क्षणी खांदा देणारा कोणी नव्हता.

आता चिंतामणराव वैद्यांविषयी. हे आमच्या ग्वाल्हेर संस्थानचे सरन्यायाधीश होते, म्हणून थोडे मोकळेपणी लिहितो. भटजींकडून हा वृत्तांत लिहवून घेण्याचे श्रेय त्यांचेच. १९०७ मध्ये तो त्यांनी प्रसिद्ध केला तो मात्र भाषा घासूनपुसून, काही मजकूर गाळून. त्यांस हा ग्रंथ मौल्यवान वाटला, म्हणूनच तो सभ्य समाजात नीटनेटका जावा असेही वाटले. लग्नात मुलीस नटवावे तसे. परिणाम असा की, भटजींचा अस्सल कोकणी-भिक्षुकी आवाज कित्येक वर्षे वाचकांच्या कानी पडला नाही. हा त्यांचा दोष आम्ही झाकणार नाही. तथापि त्याच वैद्यांनी मूळ बाड फाडून टाकले नाही. ते त्यांनी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्वाधीन केले. म्हणून दत्तो वामन पोतदारांना १९६६ मध्ये मूळाबरहुकूम आवृत्ती काढता आली. छापलेल्या प्रतीत वैद्य संपादक म्हणून चुकले असतील, पण बाड ठेवण्यात ते चुकले नाहीत. आमच्या मते त्यांच्या बाजूने हे पारडे जड आहे. ज्यांच्याकडे जुनी आवृत्ती आहे त्यांनी पोतदारांची प्रत शेजारी ठेवून झाशीचे प्रकरण तरी पडताळून पाहावे.

हे सारे लिहिताना आमचा हात थोडा थबकतो. नोकरीच्या काळात एका जिल्ह्याच्या अभिलेखागाराचा कार्यभार आमच्याकडे काही महिने होता. जागा कमी पडत होती. कोपऱ्यात मोडी लिपीतले जुने रुमाल रचलेले होते. कार्यालयात ते वाचणारा कोणी नव्हता, यादीत त्यांची नोंद ‘अवाचनीय’ अशी होती, आणि नष्ट करावयाच्या कागदांच्या यादीवर इतर शिक्क्यांबरोबर आमचीही सही झाली. त्याच आठवड्यात कार्यालयाच्या दोन लोखंडी कपाटांची किल्ली सापडत नव्हती, तर आम्ही तीन स्मरणपत्रे धाडली होती. कपाटे जड-संग्रह नोंदवहीत क्रमांकासह होती ना!

घरचीही कथा याहून फार निराळी नाही. आजोबांचे मोडी कागद माळ्यावरून कधी उतरले आणि रद्दीत कधी गेले, हे आज घरात कोणासही सांगता येत नाही. आजीने काशीहून आणलेला गंगेचा तांब्याचा गडू मात्र देवघरात आहे. डाक लावून बंद केलेला, वर्षातून एकदा चिंचेने घासला जाणारा. गेल्या महिन्यात नातवाने तो उचलून कानाशी हलविला, तेव्हा आत पाणी डचमळल्याचा आवाज आला, आणि सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.