अभ्यासक्रम टेकडीपासून सुरू व्हावा

भूशास्त्राच्या पदवीची आखणी करताना आधी वर्गात खनिजांची नावं घोकायची आणि खडक बघायला मात्र शेवटी जायचं, हा क्रम आम्हाला उलटा वाटतो. धरमपेठेतून बर्डीची टेकडी किती लांब? तिचा काळा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. शहराच्या पूर्वेला त्याहून कितीतरी जुना नाइस, कामठीकडे कोळसा, मनसरला मँगनीज. स्टीफन हिस्लॉप यांनी १८५०च्या दशकात नागपूर परिसरातलेच जीवाश्म गोळा केले होते. गणित, रसायनशास्त्र कमी करा असं आम्ही म्हणत नाही. पण दोन खडकांच्या वयात एवढं अंतर का, हा प्रश्न टेकडीवर पडला, की वर्गातल्या समीकरणाला अर्थ येतो. नाहीतर पदवी मिळते, पायाखालचा दगड अनोळखीच राहतो.