रंगवायच्या पानावरचं इंजिन आणि माझं घाईचं गृहीतक

मागच्या लेखात पूर्वसंशोधनाचा आढावा कसा घ्यायचा ते पाहिलं. त्यानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: वाचून झालं, नोट्स काढून झाल्या, पण त्यावर टीका कशी करायची? कारण टीका म्हटलं की आपल्याकडून दोनच गोष्टी होतात. एक तर 'हा अभ्यास मोलाचा आहे' असं लिहून मोकळं व्हायचं, नाहीतर समोरच्याला पार झोडपून काढायचं.

म्हणून आज एक नमुना करून बघू. वस्तू मुद्दाम साधी घेतली आहे. बालवाडीत 'वाहतुकीची साधनं' हा विषय आला की मुलांना आगगाडीचं चित्र रंगवायला देतात आणि एखादी कागदी गाडी करून घेतात. तीच पानं आणि त्याच गाड्या. माझा विषय बालचित्रकला असल्यामुळे अशी पानं माझ्या टेबलावर ढिगाने पडलेली असतात. त्यांच्यावर टीका करताना मी स्वतः कशी तोंडावर आपटले, तेही सांगते.

पहिली टीका: 'हे इंजिन जुनं आहे'

मी पाहिलेल्या बहुतेक पानांवर एकच गाडी भेटते. गोल पोटाचं वाफेचं इंजिन, वर धुराडं, त्यातून ढगासारखा धूर, समोर हसरा चेहरा आणि मागे दोन-तीन डबे. डब्यांत कधी आकडे, कधी अक्षरं, कधी हत्ती आणि जिराफ. माणसं मात्र फारशी नसतात.

आता आपल्याकडचं बघा. मुंबईत विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला धावली. भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेजवरची वाफेच्या इंजिनांची नियमित वाहतूक डिसेंबर १९९५ मध्ये संपली. म्हणजे आज बालवाडीत बसलेल्या मुलाच्या आईबाबांनीही कदाचित धुराड्याची गाडी रोजच्या वापरात पाहिलेली नाही. लोकलला तर वेगळं इंजिनच नसतं. मोटर डब्यांतच असते, दोन्ही टोकांना सारखंच तोंड आणि वर तारेला टेकलेला पेंटोग्राफ.

हे सगळं मी माझ्या सिनॉप्सिसमध्ये मोठ्या आवेशाने लिहिलं: 'परकीय, कालबाह्य प्रतिमा मुलाच्या अनुभवावर लादली जाते.' गाइडनी त्या वाक्याखाली रेघ मारून शेजारी एवढंच लिहिलं, "मग 'आगगाडी' या शब्दाचं काय करणार?"

खरंच की! आपली भाषाच अजून विस्तव घेऊन फिरते. लहान मुलाशी बोलताना आपणच 'झुकझुक गाडी' म्हणतो. धुराडं ही आता खूण झाली आहे, मोबाइलवर फोन उचलायच्या बटणावर जुन्या रिसीव्हरचं चित्र असतं तशी. शिवाय वाफेच्या इंजिनाची चाकं, दांडे, धुराडं हे सगळं बाहेर दिसतं, त्यामुळे नुसत्या रेघांतही ते ओळखू येतं. लोकलची नुसती बाह्यरेषा काढली तर ती बसही वाटू शकते. म्हणजे चित्र काढणाऱ्याकडे कारण होतं.

यातून पहिली गोष्ट लिहून ठेवा. 'जुनं आहे', 'परकीय आहे' हे निरीक्षण झालं. त्यामुळे मुलाचं नेमकं काय जातं, हे दाखवेपर्यंत ती टीका होत नाही.

दुसरी टीका: 'रंगवायच्या पानांनी सर्जनशीलता मरते'

हे वाक्य तुम्ही शिक्षक-प्रशिक्षणात कुठेतरी ऐकलं असेल. त्याचं एक महत्त्वाचं मूळ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांच्या १९४७ च्या 'क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ' या पुस्तकात आहे. त्यात तीन चित्रांचा एक प्रसिद्ध दाखला येतो. आधी मुलाने स्वतःच्या मनाने काढलेला पक्षी, मग त्याला रंगवायला दिलेला छापील पक्षी आणि नंतर त्याच मुलाने काढलेले पक्षी, छापील पक्ष्याच्या वळणावर गेलेले. पाहताक्षणी पटतं. मलाही पटलं.

पण संशोधक म्हणून त्या तीन चित्रांना चार प्रश्न विचारा. छापील पान न देता त्याच मुलाला पुन्हा पक्षी काढायला सांगितलं असतं तर? छापील पानाऐवजी शेजारच्या मुलाचं चित्र दाखवलं असतं तर? हा परिणाम त्या दिवसापुरता होता की महिनाभर टिकला? आणि 'आता बाईंना असाच पक्षी हवा आहे' असं मुलाला वाटलं असेल तर? नियंत्रित गट आणि काही दिवसांनंतरची पुन्हा चाचणी, यांशिवाय या प्रश्नांना उत्तर नाही. दाखला प्रभावी असणं आणि पुरावा पुरेसा असणं यांत अंतर असतं.

दुसऱ्या बाजूचंही वाचायला हवं. ब्रेंट आणि मार्जोरी विल्सन यांनी १९७७ मध्ये असा मुद्दा मांडला की मुलं चित्रं काढायला शिकतात ती बऱ्याच अंशी दुसऱ्यांची चित्रं बघूनच. कॉमिक्स, टीव्ही, मित्रांच्या वह्या यांतून. हे मान्य केलं तर 'मुलाचं मूळचं शुद्ध चित्र' आणि 'बिघडवणारं छापील चित्र' अशी सरळ वाटणी करता येत नाही.

माझ्या भाच्याची दोन चित्रं

आता माझी फजिती. माझा चार वर्षांचा भाचा डोंबिवलीत राहतो. फास्ट आणि स्लो यांतला फरक त्याला पक्का ठाऊक. त्याच्या बालवाडीत आगगाडीचं पान रंगवून झालं, त्या संध्याकाळी मी त्याला कोरा कागद दिला आणि म्हटलं, "आगगाडी काढ बघू." त्याने धुराडं काढलं, धूर काढला, गोल तोंड काढलं. मला आनंदच झाला! लोवेनफेल्डचं तिसरं चित्र माझ्या हातात होतं. सल्लागार समितीची बैठक तीन आठवड्यांवर आली होती आणि मी ते चित्र सिनॉप्सिसच्या पहिल्याच पानावर लावलं.

दोन दिवसांनी ताई ऑफिसातून यायच्या वेळेला तो खिडकीशी बसून काहीतरी रेघोट्या मारत होता. मी सहज म्हटलं, "आई कशातून येते ते काढ ना." त्याने कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लांबच लांब पेटी काढली. तिला दारंच दारं आणि प्रत्येक दारात गोल गोल डोकी, काही तर बाहेर लोंबकळणारी. धुराडं नाही. मी विचारलं, "अरे, धूर कुठे गेला?"

"मावशी, ती आगगाडी होती. ही गाडी आहे."

झालं! पानाने त्याची गाडी पुसलीच नव्हती. त्याच्याकडे दोन गाड्या होत्या आणि मी शब्द वापरून त्यातली एकच बाहेर काढली होती. चूक माझ्या प्रश्नात होती. साधनाची शब्दरचना उत्तर ठरवते हे आपण पेपरात दहा गुणांसाठी लिहितो, पण स्वतःचा प्रश्न तपासायचं सुचत नाही. पहिलं पान मी बदललं. एका मुलावरून दुसरा निष्कर्षही निघत नाही हेही तिथेच लिहिलं, कारण उलट बाजूला धावत सुटायचा मोह तेवढाच मोठा असतो.

मग टीका कशावर करायची?

'पान चांगलं की वाईट' हा प्रश्न सोडा. त्याऐवजी हे बघा: या कामात किती निर्णय मुलाकडे उरतात? गाडीचा आकार कोण ठरवतं? डबे किती? गाडीत कोण बसलंय? रंग कुठला? काम संपलं हे कोण ठरवतं?

छापील पानात बहुधा रंग तेवढा मुलाकडे राहतो, आणि कोपऱ्यात रंगीत नमुना छापला असेल तर तोही जात असतो. वयाचा घोळ वेगळाच. 'दोन ते पाच वर्षं' असं लिहून एकच संच विकतात. रोडा केलॉग यांनी मुलांच्या असंख्य चित्रांचा अभ्यास करून १९६९ च्या पुस्तकात रेघोट्यांचे २० मूलभूत प्रकार मांडले. दोन वर्षांचं मूल त्या रेघोट्यांच्या जगात असतं. छापील रेघ ही आत राहायची हद्द आहे, हे त्याच्या गावीही नसतं. पाच वर्षांच्या मुलाला मात्र त्या हद्दीत रंगवताना हात स्थिर ठेवायचा सराव होऊ शकतो. म्हणून 'सूक्ष्म स्नायूंचा विकास होतो' हा दावा वाचला की लगेच विचारा: कोणत्या वयात, आणि कशाच्या तुलनेत?

हीच फूटपट्टी हस्तकलेला लावली की गंमत दिसते. 'क्राफ्ट' म्हटलं की आपण ते आपोआप सर्जनशील धरतो. पण कापून तयार ठेवलेले चौकोन आणि चाकं खुणेवर चिकटवायची असतील, तर मुलाकडे रंगाचाही निर्णय उरत नाही. वर्गात तीस सारख्या गाड्या भिंतीवर लागतात. रंगवायचं पान त्यापेक्षा उदार म्हणायचं.

आता रिकाम्या काडेपेट्या आणि दोरा द्या. पेट्या दोऱ्याने जोडून ओढली की गाडी धावते. मागून ढकलली की पेट्या वाकड्या होऊन एकमेकींवर चढतात. का? दोरा ओढ सहन करतो, ढकल नाही. मूल हे शब्दांत सांगणार नाही, पण दोऱ्याच्या जागी काडी किंवा स्ट्रॉ लावून बघेल. डबे जोडायच्या कपलिंगचा प्रश्न त्याच्या हातात आला! ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला परिसरातल्याच स्वस्त वस्तूंमधून बालशिक्षणाचं साहित्य उभं केलं. पैशांची बचत हा त्यातला एक भाग. मुलाला वस्तूशी झटापट करता येते, हा दुसरा.

तरीही थांबा. एका अंगणवाडीत मी सकाळभर बसले होते. ताई एकट्या, मुलं पंचवीसच्या वर, त्यात खाऊ वाटायचा, वजनं घ्यायची, नोंदी भरायच्या. त्यांनी रंगवायची पानं वाटली आणि वीस मिनिटं शांतता मिळाली, त्या वेळात एका रडणाऱ्या मुलीला मांडीवर घेतलं. माझ्या निर्णय मोजायच्या फूटपट्टीत ती मांडी कुठेच नव्हती. 'ताईंनी काडेपेट्या द्यायला हव्या होत्या' असं मी लिहिलं असतं, तर ते वाक्य बरोबर असूनही अन्यायाचं झालं असतं. वापराची परिस्थिती न बघता वस्तूवर केलेली टीका अर्धीच असते. माझ्या आराखड्यात आता 'शिक्षिकेला मिळणारा वेळ' हा एक चल आहे. तो मला कुठल्याही पुस्तकाने दिला नाही.

तुमच्यासाठी काम

तुमच्या विषयातली अशीच एक क्षुल्लक वाटणारी वस्तू घ्या. अर्ज, तक्ता, पाठ्यपुस्तकातलं चित्र, काहीही. तिच्याबद्दलचं तुमचं सगळ्यात लाडकं, सगळ्यात रागाचं वाक्य कागदावर लिहा. मग खाली तीन गोष्टी: हे खोटं ठरवायला मला काय दिसावं लागेल? मी प्रश्न कुठल्या शब्दांत विचारला? आणि ही वस्तू वापरणाऱ्या माणसाची सकाळ कशी जाते?

माझं ते लाडकं वाक्य सिनॉप्सिसमधून गेलं. भाच्याची दोन्ही चित्रं मात्र टेबलासमोर शेजारी शेजारी लावून ठेवली आहेत.