काळा ओठ आणि आपले सौंदर्यशास्त्र

दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीला मी तोंड धुऊन यायला सांगितले. तिने ओठ काळे रंगवले होते, पापण्यांवर विटकरी रंग चढवला होता, आणि भावाच्या जुन्या शर्टाच्या बाह्या कापून तिथे सेफ्टी पिनांची रांग लावली होती. मुलगी आपल्याच वस्तीतली. मी म्हणाले, "आपल्या मुलींनी असे यायचे नसते." तिने वाद घातला नाही. तोंड धुतले आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. तास संपल्यावर एवढेच म्हणाली, "मॅडम, लिपस्टिक नव्हती ती. काजळ होतं. सगळं मिळून सत्तर रुपयांत केलंय." या लेखात मला माझ्याच त्या वाक्याची समीक्षा करायची आहे.

या विषयावर डिक हेब्डिज यांचे 'सबकल्चर : द मीनिंग ऑफ स्टाइल' (1979) हे पुस्तक महत्त्वाचे मानले जाते. 1976-77 च्या सुमारास लंडनमध्ये पुढे आलेल्या 'पंक' तरुणांच्या वेषाचा अर्थ ते लावते. सेफ्टी पिना, साखळ्या, कचऱ्याच्या प्लॅस्टिक पिशव्या, भडक रंगवलेले चेहरे, अशा टाकाऊ व कुरूप ठरवलेल्या वस्तू अंगावर मिरवणे हा प्रस्थापितांना दिलेला नकार आहे, असे हेब्डिज मांडतात. बाजार हा नकारही गिळून विकायला काढतो, हेही ते सांगतात. या मांडणीत मुली कुठे आहेत, असा प्रश्न अँजेला मॅकरॉबी यांनी 1980 मध्ये विचारला. त्याआधी 1976 मध्ये जेनी गार्बर यांच्यासोबत लिहिताना त्यांनी दाखवले होते की, रस्ता मुलांचा असल्यामुळे मुलींची संस्कृती घरातल्या झोपायच्या खोलीत, आरशासमोर, मैत्रिणींबरोबर रंगरंगोटीचे प्रयोग करीत घडते.

दोन्ही मांडण्या मला मोलाच्या वाटतात. पण आपल्या वस्तीच्या दारात येऊन त्या अडखळतात. पहिली अडचण खोलीची. माझी विद्यार्थिनी सहा माणसांच्या एका खोलीत राहते. आरसा दाराशेजारी खिळ्याला टांगलेला, त्यात एका वेळी अर्धा चेहरा दिसतो. सगळे झोपल्यावर मोबाइलच्या उजेडात ती रंग लावते आणि पुसते. दुसरी अडचण याहून खोल आहे. लंडनच्या तरुणाने साखळी स्वतःहून गळ्यात घातली. आपल्याकडे मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळांना मृतांची वस्त्रे आणि लोखंडाचे दागिने नेमून दिले होते. फाटके आणि लोखंडी ज्यांच्यावर लादले गेले, त्यांच्या लेकीने फाटके आणि लोखंडी हौसेने घातले, तर त्याचा अर्थ कसा लावायचा? हेब्डिज यांच्या पुस्तकात याचे उत्तर नाही. ते आपणच शोधले पाहिजे.

ती मनुस्मृती महाडला 25 डिसेंबर 1927 रोजी जाळली गेली. त्याच परिषदेच्या अखेरीस बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. लुगडे नेसण्याची पद्धत बदला, गळाभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंतचे कथलाचे, चांदीचे दागिने उतरवा, कारण तीच तुमची अस्पृश्य म्हणून ओळखण्याची खूण आहे, असा त्या भाषणाचा आशय होता. माझ्या आईची परीटघडीची सुती साडी त्या भाषणातून आली. मी कॉलेजात नेसते ती साडीही तिथूनच आली, आणि खरे सांगायचे तर माझे ते वाक्यही. सवर्ण घरातील मुलगी फाटकी जीन्स घालून आली तर ती आधुनिक ठरते. आपली मुलगी आली तर 'यांना वळणच नाही' असे म्हणतात. हे मी स्टाफरूममध्ये कानांनी ऐकले आहे. तेव्हा माझी भीती खोटी नव्हती. पण भीती खरी असली म्हणजे तीतून निघालेला निष्कर्ष खरा असतोच असे नाही.

महाडच्या सांगण्याचा गाभा नीटनेटकेपणात होता, असे आपण धरून चाललो. मला आता वाटते की तो गाभा खुणेच्या मालकीत होता. माझ्या देहावरची खूण दुसऱ्याने ठरवायची नाही, हे ते तत्त्व. मराठीत 'तोंडाला काळे फासणे' ही शिक्षा आहे, आणि फासणारा हात नेहमी दुसऱ्याचा असतो. या मुलीने काळे स्वतःच्या हाताने लावले, आवडले म्हणून लावले. ज्या देशात 1975 पासून गोरेपणाची क्रीम नावातच 'फेअर' घेऊन विकली गेली आणि ते नाव जायला 2020 साल उजाडावे लागले, त्या देशात सावळ्या मुलीने काळा रंग पसंत करणे ही लहान गोष्ट नव्हे.

शिवाय यात कसब आहे. स्वस्तातल्या फिक्या गुलाबी छटा सावळ्या कातडीवर राखेसारख्या दिसतात, हे तिने लावून पाहून ओळखले. लाल लिपस्टिकमध्ये काजळ कालवून तिने आपला विटकरी रंग तयार केला. ओठांवर काजळ घासून त्यावर बोटाने पावडर दाबली की ते पसरत नाही, हेही तिचेच शोधणे. मात्र निनावी सुट्या काजळात शिसे असू शकते, म्हणून डबीवर नाव आणि घटक पाहून घेत जा, एवढे मी तिला सांगितले.

कार्यकर्ते मित्र विचारतील, याचा चळवळीला उपयोग काय? हा प्रश्न आपण प्रत्येक कवितेला विचारत आलो. आपली ढोलकी, आपला संबळ, आपला जलसा हे सारे पोटासाठी किंवा कार्यासाठी होते. 'छंद' हा शब्द आपल्या आजीच्या वाट्याला कधी आलाच नाही. कोणाच्याही उपयोगाचा नसलेला अर्धा तास आरशासमोर खेळत घालवणे हाही माणूसपणाचा हिस्सा आहे, आणि तोही आपल्याला नाकारला गेला होता. दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र वेदना आणि नकार यांच्या पायावर उभे राहिले, ते योग्यच झाले. आनंदाची जागा त्यात अजून अपुरी आहे.

मी त्या मुलीची माफी मागितली. तिने ती हसून घेतली. पण ती आजही माझ्या तासाला ओठ न रंगवताच येते. इतर तासांना रंगवून जाते, असे मुली सांगतात. शिक्षक म्हणवणाऱ्या आपण सर्वांनी आपले असे एकेक वाक्य तपासायला हवे.