परकेपणाची भिंत : ‘घाशीराम कोतवाल’चे एक पुनर्वाचन

बीजसंज्ञा : स्थलांतर, परकेपणा, सात्मीकरण, नगरजीवन, मराठी नाटक

विजय तेंडुलकर यांच्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात झाला. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने एकोणीस प्रयोगांनंतर हे नाटक थांबविले. पुढे याच मंडळींनी ‘थिएटर अकॅडमी’ स्थापन केली आणि १९७४ पासून ते पुन्हा रंगमंचावर आणले. १९८० मध्ये युरोप दौऱ्याच्या निमित्ताने वाद नव्याने उफाळला. या नाटकाविषयी मराठीत जे विपुल लेखन झाले आहे, त्याची ढोबळमानाने तीन अंगांनी विभागणी करता येते. नाना फडणविसांची व पुण्याच्या ब्राह्मणवर्गाची बदनामी झाली की नाही, हे पहिले अंग. सत्ताधारी आपल्या सोयीसाठी एखादा राक्षस कसा निर्माण करतात व काम संपताच कसा संपवितात, हे दुसरे. आणि खेळे, दशावतार, कीर्तन, लावणी यांतून घडलेला रंगाविष्कार हे तिसरे. ही तिन्ही अंगे महत्त्वाची आहेतच. मात्र या चर्चेत एक अगदी साधी गोष्ट बाजूला पडली. घाशीराम हा पुण्याचा नाही. तो कनोजचा ब्राह्मण आहे, पोटासाठी या शहरात आला आहे आणि शहराने त्याला आत घेतलेले नाही. प्रस्तुत लेखात हे नाटक या एका गोष्टीच्या अनुषंगाने वाचावयाचे आहे.

अशा वाचनाची निकड प्रस्तुत अभ्यासकास ज्या परिसरातून जाणवली, त्याविषयी थोडे सांगणे आवश्यक वाटते. रहाटणी, काळेवाडी, थेरगाव, पिंपळे सौदागर ही एके काळची पवनाकाठची शेतीची गावे. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, त्यानंतर वाहन उद्योग आला, भोसरी व पुढे चाकणपर्यंत औद्योगिक पट्टा वाढत गेला. १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महापालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे दहा लाख होती. २०११ मध्ये ती सतरा लाखांवर गेली. दहा वर्षांतील ही वाढ नैसर्गिक नव्हे, हे उघड आहे. येथे जवळजवळ प्रत्येकजण कुठून तरी आलेला आहे. तरीही येथील राजकारणाची व शेजारधर्माचीही पहिली विभागणी ‘गाववाले’ आणि ‘बाहेरचे’ अशीच होते. या ‘बाहेरच्यां’मध्ये बिहार व उत्तर प्रदेशचे कामगार येतात, तसेच लातूर, बीड, जळगाव, बुलढाण्याचे अस्सल मराठी लोकही येतात. पदवीच्या वर्गात हे नाटक शिकविताना एक अनुभव वारंवार येतो. नानांचे पात्र विद्यार्थ्यांना रंजक वाटते, पण पर्वतीवरच्या दक्षिणेच्या प्रसंगाशी आले की वर्ग शांत होतो. भाड्याची खोली शोधताना ‘मूळचे कुठले?’ या प्रश्नाला तोंड दिलेली ही मुले असतात.

संशयाचा क्रम

नाटकाच्या पूर्वार्धात घाशीरामला परका ठरविण्याची प्रक्रिया टप्प्याटप्प्याने घडते आणि तेंडुलकरांनी ती अत्यंत काटेकोरपणे रचली आहे. प्रारंभी तो बावनखणीत गुलाबीच्या पदरी नोकर आहे. नानांचा दुखावलेला पाय सावरण्याच्या निमित्ताने त्यांची मर्जी त्याच्यावर बसते, बक्षीस म्हणून हार मिळतो. पण तो हार त्याच्याकडे राहत नाही. गुलाबी तो काढून घेते आणि त्याला हाकलून देते. येथपर्यंत त्याची उपेक्षा एका गरीब नोकराची आहे. त्यानंतर तो पेशव्यांच्या दक्षिणेसाठी पर्वतीवर जातो. तो ब्राह्मण असल्याने तेथे जाण्याचा त्याला अधिकार आहे. नेमक्या याच ठिकाणी, म्हणजे ज्या जागी त्याचा हक्क सर्वाधिक स्पष्ट आहे त्या जागी, त्याच्यावर चोरीचा आळ येतो. मारहाण होते, कोठडी होते, शहराबाहेर हुसकावले जाते.

हा क्रम नीट पाहिला पाहिजे. घाशीराम सेवक होता तोवर त्याच्या परकेपणाची कोणास अडचण नव्हती. तो वाटेकरी म्हणून रांगेत उभा राहिला तेव्हा अडचण झाली. कोणाची तरी थैली हरवते आणि संशयाला पुराव्याची गरज भासत नाही, कारण गर्दीतील एकच चेहरा अनोळखी असतो. स्थलांतरितांविषयीच्या सार्वजनिक भयाचे हे जे शास्त्र आहे, ते जगभर फारसे वेगळे नाही. शेतावर, कारखान्यात, बांधकामावर हात हवे असतात. त्या हातांनी शिधापत्रिका, सदनिका, शाळेतील प्रवेश किंवा मतदारयादीतील नाव मागितले की संस्कृतीच्या रक्षणाची भाषा सुरू होते. फेब्रुवारी २००८ मध्ये उत्तर भारतीय कामगारांवर महाराष्ट्रात हल्ले झाले आणि अनेकांनी पुणे व नाशिक सोडले, तेव्हा कारखानदारांना कामगारटंचाई जाणवली. भाषणांचा विषय मात्र नोकरभरती आणि छटपूजा हा होता. (त्याच वर्षीच्या १९ मे रोजी तेंडुलकरांचे पुण्यात निधन झाले.)

येथे धर्म व जात यांचा प्रश्न लक्षात घ्यावा लागतो. घाशीराम आणि त्याला मारणारे यांचा धर्म एक, वर्ण एक, शास्त्रे एक, दैवते एक. सात्मीकरणासाठी स्थलांतरिताकडून जे जे अपेक्षिले जाते, त्यातील बहुतेक सर्व त्याच्याजवळ जन्मतःच आहे. तरीही ते त्याच्या उपयोगी पडत नाही. उपऱ्याने आमच्यासारखे व्हावे म्हणजे वाद मिटेल, असे म्हणणाऱ्यांस या नाटकाने दिलेले हे उत्तर फार अडचणीचे आहे.

याच संदर्भात इतिहासाकडे वळले असता आणखी एक विसंगती दिसते. हे नाटक ऐतिहासिक नाही, अशी भूमिका तेंडुलकरांनी स्वतःच घेतली होती आणि ती मान्य करूनच पुढील नोंद करीत आहे. इतिहासातील घाशीराम सावळदास हा औरंगाबादकडून आलेला गौड ब्राह्मण असल्याचे नोंदले जाते. १७७७ ते १७९१ या काळात तो पुण्याचा कोतवाल होता. त्याच्या अंगावर दगड घालणारे शहर तरी किती जुने होते? पेशव्यांचे भट घराणे श्रीवर्धनचे. नाना फडणविसांचे भानू घराणेही कोकणातलेच. बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळाले ते १७१३ मध्ये. म्हणजे ज्यांना आपण मूळचे पुणेकर समजतो, त्यांची येथील वस्ती घाशीरामच्या काळी दोन-तीन पिढ्यांचीच होती. परकेपणाचे वय वर्षांत मोजले जात नाही. सत्तेशी असलेल्या अंतरावर ते ठरते.

सात्मीकरणाची किंमत

अपमानित घाशीराम शहरात परततो तो आपली मुलगी गौरी हिला नानांच्या हवाली करून, कोतवालीच्या बदल्यात. समीक्षकांनी या सौद्याकडे प्रामुख्याने नानांची लंपटता व घाशीरामचे क्रौर्य या दृष्टीने पाहिले आहे. प्रस्तुत वाचनात हा सौदा म्हणजे प्रवेशशुल्क आहे. आत येण्याचा वैध मार्ग पर्वतीवर बंद झाला, तेव्हा मागील दाराची किंमत घरातील सर्वांत दुबळ्या व्यक्तीच्या देहाने चुकविली गेली. गौरीला या व्यवहारात मत नाही. नाटकातही तिला जवळजवळ शब्द नाहीत, आणि ही या संहितेची उणीव मानावी लागते. स्थलांतरितांच्या कुटुंबात मानापमानाचा सारा हिशेब पुरुष मांडतात आणि तो फेडतात स्त्रिया, हे तेंडुलकरांना दिसले होते. गौरीला मात्र त्यांनी दृश्यापलीकडे फारसे काही दिले नाही.

कोतवाल झाल्यावर घाशीराम काय करतो? तो परवाने काढतो. रात्री बाहेर पडावयाचे तर परवाना, नसेल तर कोठडी. चोरीचा आळ आलेल्या ब्राह्मणास तो तापलेला लोखंडी गोळा हाती धरण्याचे दिव्य करावयास लावतो. यातील एकही गोष्ट त्याने कनोजहून आणलेली नाही. पुराव्याविना संशय घेणे, तोच गुन्हा मानून शिक्षा करणे, शहराच्या वेशीवर माणसाची लायकी तपासणे, हे सारे त्याला पुण्याने पर्वतीवर शिकविले. सात्मीकरण याचा अर्थ यजमान समाजाचे वर्तन अंगी बाणविणे असा असेल, तर घाशीरामइतका परिपूर्ण सात्म झालेला स्थलांतरित मराठी नाटकात दुसरा सापडणे कठीण. शहराला भय वाटते ते आपल्याच वर्तनाचे. फक्त ते आता खालून वर येण्याऐवजी वरून खाली येत असते.

तेंडुलकरांच्या मनात या नाटकामागे शिवसेनेचा उदय होता, हे सर्वश्रुत आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेचा प्रारंभीचा रोख मुंबईतील दाक्षिणात्यांवर होता आणि तत्कालीन सत्ताधाऱ्यांनी तिच्याकडे सोयीस्कर दुर्लक्ष केले, असे मानले जाते. रूपक म्हणून हे जुळते: नाना म्हणजे राज्यकर्ते, घाशीराम म्हणजे त्यांनी मोकळा सोडलेला दंडेल. पण वास्तवातील दंडेली परप्रांतीयांविरुद्ध होती. नाटकातील दंडेल स्वतःच परप्रांतीय आहे. रूपक उलटे झाले आहे. या उलटेपणाची चर्चा मराठी समीक्षेने पुरेशी केलेली नाही. त्याचा एक परिणाम असा की शेवटी दगड मारणाऱ्या गर्दीशी प्रेक्षकाचे तादात्म्य अगदी सहज होते. जुलमी अधिकारी मेला, न्याय झाला. पण त्या क्षणी एक उपरा ठेचला जात आहे, हे भान प्रयोगाच्या वेगात हरवू शकते. दिग्दर्शकाने ते सावरले नाही, तर हे नाटक ज्यावर प्रहार करू पाहते त्याच भावनेस टाळी मिळवून देते. हा धोका संहितेतच आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही.

गर्दी उसळते त्याचे निमित्तही पाहण्यासारखे आहे. बाहेरगावाहून आलेले ब्राह्मण घाशीरामच्या बागेतील फळे तोडल्याच्या कारणावरून कोठडीत कोंडले जातात आणि गुदमरून मरतात. इतिहासात १७९१ च्या ऑगस्टअखेर अशाच प्रकारे तेलंगी ब्राह्मण मृत्युमुखी पडले आणि त्यातून घाशीरामचा अंत ओढवला. म्हणजे मारणारा उपरा, मेलेलेही उपरे. वर्षानुवर्षे परवान्यांचा जाच सहन करणाऱ्या शहराला एकाएकी या परक्यांविषयी आपुलकी वाटू लागते. कालचे परके आज ‘आपले’ होतात, कारण आज त्यांच्यापेक्षा अधिक परका कोणी तरी उपलब्ध असतो.

नाटक जेथे थांबते

वर म्हटल्याप्रमाणे घाशीरामच्या बाबतीत धर्म समान असूनही बहिष्कार घडतो. यावरून धर्मभेद गौण आहे, असे अनुमान काढणे घाईचे ठरेल. या नाटकाच्या जगात अन्यधर्मीय माणूस केंद्रस्थानी येतच नाही. त्यामुळे त्याच्याविषयी हे नाटक काही सांगू शकत नाही. पुण्याच्या परिसराला मात्र हा प्रश्न टाळता आलेला नाही. २ जून २०१४ रोजी हडपसर येथे नमाज पढून परतणाऱ्या एका तरुण संगणक व्यावसायिकाची जमावाने हत्या केली. तो सोलापूरचा, महाराष्ट्रातलाच होता. घाशीरामचे परकेपण गावावरून ठरले, या तरुणाचे धर्मावरून. पर्वतीवरील चुकलेला संशय आणि हडपसरचा जमाव यांत तत्त्वतः भेद नसेलही. परंतु घाशीराम दुसऱ्या शहरी गेला असता तर कदाचित वाचला असता. ज्याचे परकेपण त्याच्या नावातच वाचले जाते, त्याला दुसरे शहर कोठे?

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी पिंपरीत वसली. ‘पिंपरी कॅम्प’ हे नाव आजही प्रचारात आहे, फक्त त्या नावात आता खरेदीसाठी जावयाचे ठिकाण एवढाच अर्थ उरला आहे. भाषा वेगळी, अन्न वेगळे, लिपी वेगळी असूनही ही वसाहत शहराने पचविली. याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहावे. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलीजवळील कुदळवाडी भागात महापालिकेने भंगाराची गोदामे, छोटे कारखाने, पत्र्याच्या शेड अशी हजारो बांधकामे पाडली. बांधकामे अनधिकृत होती, आगी लागत होत्या, प्रदूषण होते. प्रशासनाचा हा युक्तिवाद निराधार म्हणता येणार नाही. पण त्या काळातील सार्वजनिक बोलण्यात बांधकाम परवान्याचा प्रश्न पाहता पाहता ‘बांगलादेशी’ आणि ‘रोहिंग्या’ या शब्दांत विरघळून गेला. याच औद्योगिक पट्ट्यातील पत्रा, पुठ्ठा, प्लॅस्टिक वेचून पुन्हा वापरात आणणारे हे व्यवसाय होते. परवाना तपासणे हा राज्यसंस्थेचा अधिकार आहे, कर्तव्यही आहे. परवाना तपासता तपासता माणूस तपासला जाऊ लागतो ती सीमारेषा कोठे असते, हा प्रश्न घाशीरामच्या रात्रीच्या परवान्यांनी १९७२ मध्येच विचारून ठेवला आहे. २०१९ च्या नागरिकत्व सुधारणा कायद्याने स्थलांतरिताच्या पात्रतेत धर्माचा निकष आणल्यानंतर त्याची धार वाढली आहे.

या नाटकातील मानवी भिंतीविषयी बरेच लिहिले गेले आहे. ब्राह्मणांची ती रांग कधी पडदा होते, कधी गर्दी, कधी भिंत. प्रेक्षकांकडे पाठ फिरविली की मागचे काही दिसेनासे होते. या युक्तीचा विचार बहुधा रंगतंत्र म्हणून झाला आहे. वास्तविक घाशीरामची सारी कथा या भिंतीच्या संदर्भात सांगता येते. पूर्वार्धात ती त्याच्यासाठी उघडत नाही. कोतवाल झाल्यावर तो तिच्यापुढे उभा राहून तिला हुकूम करतो, पण तिच्यात सामील होत नाही. अखेरीस तीच भिंत त्याच्याभोवती वेढा घालते. एकाही प्रसंगात तो त्या रांगेतील एक होऊन नाचत नाही. मृत्यूनंतर नानांचे भाषण होते, उत्सवाची आज्ञा सुटते आणि रांग पुन्हा पहिल्यासारखी डोलू लागते. घाशीरामचे प्रेत तेथेच असते.