मुचकुंदाची उंची आणि रामापिथेकस

लांजा तालुक्यात विशाळगडाजवळ माचाळ हे डोंगरमाथ्यावरचे गाव आहे. मुचकुंदी नदी तिथे उगम पावते आणि तिथेच मुचकुंद ऋषींची गुहा दाखवतात. कथा आमच्याकडच्या मुलांना ठाऊक असते. देवांसाठी लढून दमलेला राजा मुचकुंद युगानुयुगे झोपून राहिला. कृष्णाचा पाठलाग करीत कालयवन गुहेत शिरला, त्याने झोपलेल्याला लाथ मारली आणि मुचकुंदाची नजर पडताच तो भस्म झाला. (ही गुहा आमच्याकडेच, असे देशात इतर काही ठिकाणीही सांगतात, ते असो.) कथेचा पुढचा भाग मात्र सहसा कोणी सांगत नाही. भागवतात तो आहे. गुहेबाहेर आलेल्या मुचकुंदाला माणसे, जनावरे, झाडे सारीच खुजी झालेली दिसली. त्यावरून कलियुग आले हे त्याने ओळखले.

दहावीला मानवाची उत्क्रांती शिकवताना हा भाग मला फार उपयोगी पडतो. कसा, ते पुढे येईलच.

आधी आपल्या पाठ्यपुस्तकाचे श्रेय त्याला दिले पाहिजे. जानेवारी 2018 मध्ये केंद्रातील तेव्हाचे राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) डार्विनचा सिद्धान्त चुकीचा असल्याचे सांगितले. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्रित निवेदन काढून त्याचा प्रतिवाद केला. पुढे 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. आपल्या राज्याच्या 2018 साली आलेल्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 2 मध्ये मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे. अवशेषांगे, जीवाश्म, जोडणारे दुवे हे सारे त्यात आहे.

माझ्या वर्गात उत्क्रांती साफ नाकारणारा विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही. अडचण वेगळीच आहे. मुले ती फार पटकन मान्य करतात. ‘‘सर, म्हणजे दशावतारच की!’’ मत्स्य पाण्यातला, कूर्म पाण्यातला नि जमिनीवरचा, वराह जमिनीवरचा, नरसिंह अर्धा पशू, वामन बुटका माणूस, मग परशुराम, मग राम. हा दाखला मीही बरीच वर्षे वर्गात देत होतो. पालक खूश, मुले खूश आणि धडा तासाभरात संपलेला. कोकणात तर दशावतार रंगभूमीवरही नांदतो आणि परशुरामाने समुद्र हटवला ती भूमी आपल्या पायांखालची, त्यामुळे दाखला अधिकच जवळचा वाटतो.

पण तो टिकत नाही. सिंहापासून माणूस झाला असे कोणतेही जीवाश्म सांगत नाहीत. सिंह आणि आपण सस्तन प्राण्यांच्या दोन वेगळ्या फांद्यांवर आहोत. परशुराम आणि राम रामायणात समोरासमोर भेटतात. मग त्यांच्यात पिढ्यांची उतरंड कुठली? शिवाय अवतार धर्मरक्षणासाठी होतो, एका अवताराच्या पोटी दुसरा जन्मत नाही. हे साम्य परंपरेतून आलेलेही नाही. डार्विनचे पुस्तक 1859 चे. त्यानंतर, 1877 मध्ये, मादाम ब्लाव्हाट्स्की यांनी ते मांडले आणि 1882 मध्ये केशवचंद्र सेन यांनी. जानेवारी 2019 मध्ये जालंधरच्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी दशावतार हा डार्विनपेक्षा सरस सिद्धान्त असल्याचे सांगितले. आपण वर्गात सोयीसाठी वापरलेला दाखला व्यासपीठावर जाऊन असा पुरावा होतो.

आता मुचकुंदाकडे वळू. दशावताराच्या या वाचनात सृष्टी वर चढत जाते. मुचकुंदाच्या कथेत ती उतरत जाते, माणूस कृतयुगाकडून कलियुगाकडे खुजा होत जातो. दोन्ही कथा एकाच परंपरेतल्या, दिशा मात्र उलट. मी मुलांना विचारतो, ‘‘बरोबर कोण?’’ आणि फळ्यावर मोजमापे लिहितो. 1974 मध्ये इथिओपियात सापडलेली ‘ल्युसी’ सुमारे 32 लाख वर्षांपूर्वीची, उंची सुमारे साडेतीन फूट. 1984 मध्ये केनियातील तुर्काना सरोवराजवळ सापडलेला मुलगा सुमारे 15 लाख वर्षांपूर्वीचा. वय आठ-नऊ वर्षे असावे आणि उंची तेव्हाच सव्वापाच फुटांच्या आसपास. इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावरच्या गुहेत 2003 मध्ये सापडलेली माणसे सुमारे 50 हजार वर्षांपूर्वीपर्यंत होती आणि त्यांची उंची पुन्हा साडेतीन फूट! मुले गोंधळतात. माणूस उंच होत गेला की बुटका? दोन्ही नाही. जिथे जे निभावले ते टिकले. नैसर्गिक निवडीला पुढचे काही ठाऊक नसते, हे वाक्य पाठ करून घेण्यापेक्षा तीन उंच्या लिहिलेल्या बऱ्या.

आणि इथेच पाठ्यपुस्तकावरचा माझा आक्षेप येतो. मानवाच्या उत्क्रांतीचे वर्णन त्यात एका रांगेत येते. एक प्राणी मोठा व बुद्धिमान होतो, त्याचा पुढचा होतो, असे करत निअँडरथल आणि क्रो-मॅग्नन. ही शिडीच आहे, फक्त नावे लॅटिन. दशावताराची रांग मुलांना ओळखीची वाटते ती यामुळेही. निअँडरथल आपला आजोबा नव्हे, बराचसा चुलत नातेवाईक. दोन्ही एकाच काळात जगले आणि त्यांच्यात संकरही झाला.

रांगेतले एक नाव तर केव्हाच काढायला हवे होते. मानवसदृश प्राण्याची पहिली नोंद म्हणून पुस्तक ‘रामापिथेकस’ देते. रामाच्या नावाच्या या प्राण्याचा जबड्याचा तुकडा एडवर्ड लुईस यांना 1932 मध्ये शिवालिक टेकड्यांत, हरितल्यांगरजवळ मिळाला. 1960 च्या दशकात एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम यांनी त्याला मानवाचा पूर्वज ठरवले. 1967 मध्ये सॅरिच आणि विल्सन यांनी रक्तातील प्रथिनांची तुलना करून सांगितले, की मानव आणि आफ्रिकी एप यांच्या वाटा सुमारे 50 लाख वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या. म्हणजे एक कोटी वर्षांहून जुना रामापिथेकस खास मानवाचा पूर्वज असूच शकत नाही. जीवाश्मतज्ज्ञांनी हे मानले नाही. मग पाकिस्तानातील पोटवार पठारावर शिवापिथेकसची कवटी मिळाली. तिचा चेहरा ओरांगउटानशी जुळत होता. तिचे वर्णन 1982 मध्ये प्रसिद्ध केले ते पिलबीम यांनीच आणि आपले आधीचे मतही सोडले. रामापिथेकस हे वेगळे नावच उरले नाही; ते नमुने शिवापिथेकसमध्ये गेले.

चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी निकालात निघालेली गोष्ट पुस्तकात राहिली, ही चूक आहेच. पण ‘कोणी पाहिले होते?’ या प्रश्नाला याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही. कोणी पाहिले नव्हते. पुरावा पाहून मत बांधले आणि नवा पुरावा आल्यावर, बांधणाऱ्यानेच ते मोडले. नेमका हा भाग पुस्तकात नाही.

‘‘मग माकडे आता माणूस का होत नाहीत?’’ हा प्रश्न दरवर्षी येतोच. बागेत माकडांचा उपद्रव रोजचा, त्यामुळे तो अगदी पोटतिडकीने येतो. मी विचारतो, ‘‘तुझा चुलतभाऊ कधी तू होईल का?’’ भाऊबंदांच्या घरात वाढलेल्या मुलांना मूळ घर एक आणि वाटण्या वेगळ्या, हे समजावून सांगावे लागत नाही. मग पाठीच्या कण्याचे शेवटचे टोक चाचपायला सांगतो. त्याला मराठीत माकडहाड म्हणतात, यावर वर्ग हसतो.

गेल्या वर्षी फळ्यावर शिडीऐवजी झुडूप काढले. रामापिथेकस कुठे लावायचा, असे विचारल्यावर एका मुलीने तो खोडून ओरांगउटानच्या फांदीवर ‘शिवा’ लिहिले. बोर्डाच्या परीक्षेत काय लिहायचे, हे तिने तास संपल्यावर हळूच विचारले.