भाडेकराराच्या मुदतीतली वास्तुरचना

मुंबई, पुणे, बंगळूर आणि हैदराबाद या शहरांत गेल्या दोन-तीन दशकांत उभ्या राहिलेल्या कार्यालयांचा विचार करताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते, ती ही की इमारत एकाने बांधायची, तिचा मजला दुसऱ्याने भाड्याने घ्यायचा आणि आतली रचना तिसऱ्याने करायची, अशी कार्यालयरचनेच्या कलेची वाटणी होऊन बसली आहे. विकासक पुष्कळदा मजला ‘बेअर शेल’ अवस्थेत, म्हणजे उघडे काँक्रीट, बाहेरची काच आणि वीज-पाण्याच्या मुख्य जोडण्या एवढ्यावरच ताब्यात देतो. वातानुकूलनाच्या डक्टपासून खुर्च्यांपर्यंतचे उरलेले सारे काम ‘फिट-आउट’ या नावाने ओळखले जाते. करार पाच किंवा नऊ वर्षांचा असतो, त्यातली पहिली काही वर्षेच बंधनकारक असतात आणि मुदत संपताना जागा मूळ स्थितीत परत देण्याची अट अनेकदा असते, त्यामुळे जिप्समची पार्टिशने, कार्पेट टाइल आणि लॅमिनेट लावलेली वर्कस्टेशने धड असतानाच उखडली जातात. जी रचना इतक्या थोड्या काळासाठी करायची ती टिकाऊपणापेक्षा पहिल्या दिवशीच्या देखाव्याकडे झुकणार, हे ओघानेच आले. आजच्या कार्यालयांतील गुणदोषांचे मूळ बव्हंशी या व्यवहारात आहे.

आजच्या मोकळ्या, म्हणजे भिंतींविना केलेल्या, मांडणीच्या मुळाशी मात्र एक गंभीर विचार होता. पश्चिम जर्मनीत 1950 च्या दशकाच्या अखेरीस एबरहार्ड आणि वोल्फगांग श्नेले या बंधूंच्या सल्लागार गटाने कार्यालयातील कागद कोणाकडून कोणाकडे जातात आणि कोणाला कोणाशी वारंवार बोलावे लागते याचा अभ्यास करून त्यानुसार मेजांची अनियमित मांडणी केली, आणि आवाज शोषला जावा म्हणून गालिचे, पडदे व झाडे यांची योजना केली. अमेरिकेत रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी हर्मन मिलर या कंपनीसाठी 1968 मध्ये जी हलवता येणाऱ्या पडद्यांची पद्धत आणली, तीतही माणसाला गरजेप्रमाणे आडोसा घेता यावा हाच हेतू होता; कंपन्यांनी ते पडदे काटकोनात जोडून चौकोनी खुराडी केली, आणि पुढे स्वतः प्रॉप्स्ट यांनी या वापरावर कठोर टीका केली. नेदरलँड्समधील आपेलडोर्न येथे हर्मन हर्ट्झबर्गर यांनी 1972 मध्ये पूर्ण केलेली सेंट्राल बेहीर या विमा कंपनीची इमारत छोट्या चौरस मंचांची होती, आणि कर्मचाऱ्यांनी झाडे व वस्तू आणून आपापला कोपरा सजवावा, अशी तीत मुद्दाम सोय ठेवलेली होती. भारतात मोकळी मांडणी रूढ झाली तेव्हा या विचारातली माणसाची बाजू बहुतांशी गळाली आणि भिंत पाडल्याने वाचणारे चौरस फूट तेवढे उरले. कमी जागेत अधिक माणसे बसवणाऱ्या सलग लांब मेजांच्या रांगा, ज्यांना व्यवसायात ‘बेंच’ म्हणतात, त्या याच हिशेबाचे फळ आहेत.

भिंती गेल्या की माणसे एकमेकांशी अधिक बोलतील, या समजुतीलाही आधार भक्कम नाही. ईथन बर्नस्टाइन आणि स्टीफन टर्बन यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या मुख्यालयांत मोकळी मांडणी आल्यावर समोरासमोरचा संवाद सुमारे 70 टक्क्यांनी घटला आणि लेखी निरोपांची देवाणघेवाण वाढली, असे आढळले. एकांत मिळेनासा झाला की माणूस कानांवर हेडफोन चढवून तो स्वतःपुरता निर्माण करतो, हे कोणत्याही आयटी कंपनीत पाहता येते.

आवाजाचा हा प्रश्न सध्याच्या एका लोकप्रिय प्रवाहाने अधिकच बिकट केला आहे. फॉल्स सीलिंग काढून टाकायचे, वरचे काँक्रीट, डक्ट आणि केबल-ट्रे उघडे ठेवून त्यांवर काळा किंवा करडा रंग मारायचा, आणि या कारखानी रूपाला प्रामाणिकपणाचे नाव द्यायचे, अशी ही पद्धत आहे. खोलीत निर्माण झालेला आवाज थांबल्यानंतर तो 60 डेसिबलने उतरायला जो वेळ लागतो त्याला निनादकाल म्हणतात, आणि तो खोलीच्या घनफळाबरोबर वाढतो व ध्वनिशोषक पृष्ठभागांमुळे घटतो. सच्छिद्र फरशांचे सीलिंग हा कार्यालयातला सर्वांत मोठा ध्वनिशोषक पृष्ठभाग. तोच काढून खाली विट्रिफाइड टाइल आणि बाजूला काचेची केबिने घातली, तर घनफळ वाढते, शोषण घटते आणि दूरच्या मेजावरचे बोलणे शब्दन्‌शब्द ऐकू येऊ लागते. कामात व्यत्यय आणण्याच्या बाबतीत यंत्राच्या एकसुरी घरघरीपेक्षा समजणारे बोलणे कितीतरी अधिक त्रासदायक असते. यावर फोनसाठी एका माणसाची बंद कपाटे, म्हणजे ‘फोन बूथ’, विकत आणली जातात; आधी स्वतःच घडवलेल्या दोषावर नंतर पैसे मोजून केलेला हा इलाज आहे. छत उघडे ठेवायचे असेल तर त्याखाली ध्वनिशोषक फलक टांगले पाहिजेत, परंतु खर्चाला कात्री लागते तेव्हा बहुधा हेच फलक सर्वांत आधी वगळले जातात.

प्रकाशाची कथाही याहून वेगळी नाही. खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या साधारण दोन ते अडीच पट अंतरापर्यंतच दिवसाचा उजेड कामाचा राहतो, म्हणजे ती कड पावणेतीन मीटरवर असेल तर साडेपाच ते सात मीटरपर्यंत. पण भाड्याचे क्षेत्र वाढवण्यासाठी मजले त्याहून कितीतरी खोल बांधले जातात. मुंबईचे जुने सचिवालय 1874 मध्ये पूर्ण झाले तेव्हा पश्चिमेकडील दर्शनी बाजूवर सलग व्हरांडे ठेवून खोल्यांना दुपारच्या उन्हापासून वाचवले गेले होते. त्याच शहरात आज पश्चिमेला अखंड काच लावली जाते, दुपारी तिच्यावर पडदे ओढले जातात, आणि मग काचेच्या इमारतीत दिवसभर दिवे जळतात.

कोविडच्या साथीनंतर रुजलेल्या संमिश्र पद्धतीने, म्हणजे काही दिवस घरून व काही दिवस कार्यालयातून काम करण्याच्या रीतीने, या कलेपुढे खरा नवा प्रश्न ठेवला. त्याला मिळालेले प्रचलित उत्तर असे, की एकाग्रतेचे काम घरी व्हावे, कार्यालय भेटीगाठींसाठी असावे, म्हणून ठरलेली मेजे कमी करावीत आणि कॅफे, सोफे, पायऱ्यांची सभागृहे वाढवावीत. हे उत्तर ज्या समाजात घडले तिथे घरात अभ्यासिकेची वेगळी खोली असण्याचा संभव मोठा आहे. डोंबिवलीच्या किंवा विरारच्या वन रूम किचनमध्ये आईवडील, मुले आणि टीव्ही यांच्या सान्निध्यात राहणारा कर्मचारी लोकलच्या गर्दीतून तास-दीड तास प्रवास करून येतो तो शांत मेज, चांगली खुर्ची आणि थंड हवा यांसाठी, आणि नेमके मेजच त्याला रोज मोबाइलवरून आरक्षित करावे लागते. ठरलेले मेज नसण्याचा प्रयोग जे चायट यांच्या जाहिरात संस्थेने 1990 च्या दशकातच लॉस एंजेलिसमध्ये करून काही वर्षांत सोडून दिला होता. तो अनुभव हाती असूनही इथल्या घरांची मापे न विचारता तीच रीत उचलली जावी, ही या क्षेत्रातली सर्वांत मोठी वैचारिक उणीव मानावी लागेल.

याच देशात याहून चांगले काम झालेले आहे. इन्फोसिसने हैदराबादजवळच्या पोचारम येथील आपल्या इमारतीचे दोन सारखे भाग करून एकात नेहमीचे वातानुकूलन आणि दुसऱ्यात छताच्या स्लॅबमधील नळ्यांतून थंड पाणी खेळवण्याची पद्धत बसवली आणि दोहोंची प्रत्यक्ष मोजणी केली. दुसऱ्या भागात थंडाव्यासाठीची वीज सुमारे एक तृतीयांशाने कमी लागली. टॉड विल्यम्स आणि बिली त्सिएन यांनी टीसीएससाठी अंधेरीत रचलेला बनियन पार्क हा परिसर कमी उंचीच्या इमारती, अंगणे आणि जपलेली जुनी झाडे यांवर उभा आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधनातून तयार झालेल्या प्रतिमानाने भारतीय माणसाला सुखद वाटणारे तापमान बाहेरच्या ऋतूप्रमाणे बदलते हे दाखवले असून, 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेने त्याची दखल घेतली आहे. तरीही मे महिन्यात स्वेटर घालून बसावे लागेल अशी कार्यालये सर्रास आढळतात.

नकाशात ज्यांचा विचार सर्वांत शेवटी होतो ते सफाई कामगार, पॅन्ट्रीतील मुले आणि सुरक्षारक्षक डबा कुठे खातात, हा प्रश्न रचनाकाराच्या कक्षेबाहेरचा समजला जातो, आणि अनेक इमारतींत त्याचे उत्तर जिन्याचा चौथरा किंवा तळघर हेच असते. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय मातृत्व लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने बंधनकारक केली. टेबल टेनिसला जशी मजल्यावर जागा मिळते तशी तिला क्वचितच मिळते.

कार्यालयीन रचनेचे पुरस्कार आज मुख्यतः नव्या, रिकाम्या जागेच्या छायाचित्रांवरून दिले जातात. परीक्षकांनी आणि कंपन्यांनी जागा वापरात येऊन एक वर्ष झाल्यावर तिथे जावे, ध्वनी, प्रकाश आणि तापमान मोजावे, तिथे बसणाऱ्यांना व झाडणाऱ्यांना विचारावे, आणि मगच निवाडा करावा.