अस्तित्वातील इमारती आणि बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग : एक चिकित्सा

प्रस्तावना

बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग (यापुढे बीआयएम) ही पद्धती प्रामुख्याने नव्या बांधकामासाठी विकसित झाली. तेथे प्रतिमान आधी तयार होते व इमारत त्यानुसार उभी राहते. अस्तित्वातील इमारतीबाबत हा क्रम उलटतो. मूळ नकाशे अनेकदा उपलब्ध नसतात; असले तरी नंतरचे फेरबदल त्यांत नोंदलेले असतातच असे नाही. या उलट्या क्रमातून उद्भवणाऱ्या प्रश्नाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पूर्वसंशोधनाचा परामर्श

रेबेका फोल्क, युलियान श्टेंगल व फ्रांक शुल्टमान यांनी 2014 मध्ये 180 हून अधिक प्रकाशनांचा आढावा घेऊन तीन प्रमुख अडचणी नोंदविल्या : मोजमापांचे अर्थपूर्ण घटकांत रूपांतर करण्याचे मोठे श्रम, माहिती अद्ययावत ठेवणे आणि अनिश्चित माहितीची हाताळणी. हे वर्गीकरण उपयुक्त आहे. तथापि तिसरी अडचण पहिल्या दोहोंच्या रांगेत बसविता येत नाही. श्रम व अद्ययावतीकरण हे खर्चाचे प्रश्न आहेत. अनिश्चितता हा ज्ञानाचा प्रश्न आहे. लेसर स्कॅनर केवळ दिसणारा पृष्ठभाग टिपतो. भिंतीच्या आत दगड आहे की भराव, हे बिंदुमेघ सांगत नाही. प्रतिमानात मात्र भिंतीला जाडी, थर व साहित्य द्यावेच लागते. अशा वेळी अनुमानालाही मोजमापाइतकीच ठळक रेषा प्राप्त होते.

नोत्र-दामचे उदाहरण

कलेतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी 2010 मध्ये पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथीड्रलचे पन्नासहून अधिक ठिकाणांवरून लेसर स्कॅनिंग केले व एक अब्जाहून अधिक बिंदू नोंदविले. पश्चिमेकडील अंतर्गत स्तंभ एका रेषेत नाहीत, हे त्यातून स्पष्ट झाले. असा तिरपेपणा हा बांधकामाच्या इतिहासाचा पुरावा होय. परंतु साचेबद्ध घटकांच्या संग्रहातून प्रतिमान रचताना स्तंभ सरळ रेषेत बसविण्याचा मोह होतो, आणि पुरावाच पुसला जातो.

15 एप्रिल 2019 च्या आगीत छताचा मध्ययुगीन लाकडी सांगाडा नष्ट झाला. त्याच्या पुनर्बांधणीत डिजिटल नोंदींचा उपयोग झालाच. परंतु वास्तुविशारद रेमी फ्रोमों व सेद्रिक त्रेंतेसो यांनी आगीपूर्वी केलेले सांगाड्याचे तपशीलवार सर्वेक्षणही तितकेच मोलाचे ठरले. सुतारांनी ओकच्या तुळया कुऱ्हाडीने तासल्या आणि डिसेंबर 2024 मध्ये कॅथीड्रल पुन्हा खुले झाले. लाकूड कसे निवडले, सांधे कसे जुळविले, हे ज्ञान केवळ बिंदूंच्या संख्येतून मिळत नाही. त्यासाठी जाणकाराचे निरीक्षण लागते.

निष्कर्ष

यावरून बीआयएम निरुपयोगी ठरते असे नाही. विखुरलेली माहिती एकत्र आणण्याचे तिचे सामर्थ्य निर्विवाद आहे. मात्र अस्तित्वातील इमारतीचे प्रतिमान ही तिची प्रतिकृती नसून एक अर्थनिर्णयन असते. म्हणून प्रत्येक घटकासोबत तो मोजलेला, अनुमानित की गृहीत धरलेला आहे, तसेच ती नोंद कोणी व केव्हा केली, हे नमूद करणे आवश्यक ठरते. अन्यथा उद्याचा दुरुस्तीकार आजच्या तर्काला वस्तुस्थिती मानून भिंतीला छिद्र पाडेल, आणि त्या चुकीची किंमत इमारतीला मोजावी लागेल.